महाबोधी मंदिर : भिंतीआड ठेवलेला दिवा आणि पुन्हा पुन्हा झालेला जीर्णोद्धार

पिंपळपान (धागाकर्ता)

बोधगयेच्या महाबोधी मंदिराविषयी बोलणे निघाले की बहुतेक वेळा दोन वाक्यांत विषय आटोपतो: गौतमाला तिथे पिंपळाखाली बोधी प्राप्त झाली, आणि सम्राट अशोकाने तिथे मंदिर बांधले. यातले दुसरे वाक्य अर्धेच खरे आहे. अशोकाचा या जागेशी असलेला संबंध पक्का आहे. पण आज जे उंच, विटांचे, चारही बाजूंनी सरळ निमुळते होत गेलेले शिखर दिसते ते त्याच्या काळातले नाही. ते मुख्यतः गुप्तकाळाच्या उत्तरार्धातले आहे. त्यावर पुढे पालकाळाचा, म्हणजे पूर्व भारतातल्या पाल राजांच्या काळाचा हात फिरला, ब्रह्मदेशातून आलेल्या कारागिरांचा फिरला आणि १८८०च्या दशकातल्या जीर्णोद्धाराचा तर फारच फिरला. माझे म्हणणे असे की या मंदिराचा एक कर्ता शोधण्याचा नाद सोडावा. ते मोडत गेले आणि कोणीतरी, पुष्कळदा फार दुरून आलेले कोणीतरी, ते सावरत गेले. त्याच्या आख्यायिका लक्ष देऊन वाचल्या तर त्यासुद्धा बहुतेक मोडण्याच्या आणि वाचवण्याच्याच आहेत. या धाग्यात त्या आख्यायिका आणि हाती असलेला पुरावा शेजारी शेजारी ठेवून पाहावा अशी इच्छा आहे.

सुरुवात अशोकापासून करू, कारण तिथे पुरावा भक्कम आहे. त्याच्या आठव्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. संबोधी म्हणजे हीच जागा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे नेमक्या याच आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात सापडला. बोधगयेच्या यात्रेची वार्ता अशोकाने कोकणच्या बंदरात दगडावर कोरून ठेवली होती. तिथे त्याने काय बांधले हे मात्र लेखात नाही. मंदिराच्या मागे, पिंपळाखाली असलेली वज्रासनाची (बुद्ध बसले ती जागा दाखवणाऱ्या आसनाची) चकचकीत घोटलेली शिळा मौर्यकाळाची मानली जाते. तिच्या कडेने हंसांची ओळ कोरलेली आहे.

आता झाडाच्या कथा. श्रीलंकेच्या पाली महावंसात आणि संस्कृत अशोकावदानात, या दोन्ही बौद्ध ग्रंथांत, थोड्या फरकाने एकच प्रसंग येतो. अशोकाची राणी तिष्यरक्षिता हिला राजा बोधिवृक्षाला इतके का मानतो याचा मत्सर वाटला. महावंसानुसार तिने विषारी काटा टोचून झाड मारले. अशोकावदानानुसार तिने एका मातंग स्त्रीकडून मंत्र घालून घेतला, झाड वाळू लागले, आणि ते ऐकून राजा मूर्च्छित पडला. शेवटी त्याच स्त्रीने मंत्र उतरवला, झाडाभोवती आळे केले आणि दररोज हजार घडे दूध घातले तेव्हा झाडाला पालवी फुटली.

हे दूध लक्षात ठेवावे, कारण साधारण नऊशे वर्षांनंतरच्या कथेत ते पुन्हा येते. सातव्या शतकात, इ. स. ६३७च्या सुमारास, चिनी भिक्षू ह्युएन त्संग बोधगयेला आला. त्याने लिहिले आहे की गौडाचा (बंगालचा) राजा शशांक याने बोधिवृक्ष तोडला, पाणी लागेपर्यंत खणले, तरी मुळांचा तळ लागेना, तेव्हा उरलेले जाळून त्यावर उसाचा रस ओतला. पुढे मगधाचा राजा पूर्णवर्मा, ज्याला ह्युएन त्संग अशोकाचा शेवटचा वंशज म्हणतो, त्याने हजारो गाईंचे दूध मुळांवर घातले. रात्रीतून झाड दहा फूट वाढले, आणि राजाने त्याभोवती चोवीस फूट उंच दगडी भिंत घातली. झाड मारणारा बदलतो, वाचवणारा बदलतो, पण दूध, वाळलेले मूळ आणि पुन्हा फुटलेला कोंब तसेच राहतात.

ह्युएन त्संगाने मंदिराविषयी सांगितलेली उत्पत्तिकथा तर त्याहून विलक्षण आहे. आधी अशोकाने इथे लहानसा विहार बांधला होता. नंतर एका ब्राह्मणाने तो मोठा केला. हा ब्राह्मण बौद्ध नव्हता, शिवभक्त होता. इच्छा पूर्ण व्हावी म्हणून तो हिमालयात महेश्वराकडे गेला, तेव्हा महेश्वरानेच त्याला सांगितले की बोधिवृक्षाशेजारी मोठे मंदिर बांध आणि तळे खण. त्याने मंदिर बांधले, त्याच्या धाकट्या भावाने तळे खणले. मग मूर्ती घडवायला कोणी मिळेना. शेवटी एक अनोळखी ब्राह्मण आला. त्याने सुगंधी माती आणि एक दिवा एवढेच मागितले, आणि दार लावून सहा महिने कोणी उघडू नये असे बजावले. चार दिवस उरले असताना भिक्षूंचा धीर सुटला आणि त्यांनी दार उघडले. आत कोणी नव्हते. पूर्वाभिमुख बसलेली, उजवा हात खाली सोडून भूमीला साक्ष ठेवणारी मूर्ती पूर्ण झाली होती. फक्त उजव्या छातीवरचा थोडासा भाग अपुरा राहिला होता. तो शिल्पी म्हणजे मैत्रेय बोधिसत्त्व, पुढे येणारा बुद्ध, होता असे पुढे एका भिक्षूला स्वप्नात कळले. तो अपुरा भाग रत्नहारांनी झाकला गेला, आणि ह्युएन त्संगाने मूर्ती पाहिली तेव्हा ती अशी अलंकार घातलेली होती.

याच मूर्तीवर पुढे संकट आले. झाड तोडल्यावर शशांकाने बुद्धमूर्ती काढून तिथे महेश्वराची बसवण्याची आज्ञा केली. ज्या अधिकाऱ्यावर हे काम आले तो कात्रीत सापडला: मूर्ती फोडावी तर जन्मोजन्मीचे पाप, न फोडावी तर कुटुंबासकट मृत्यू. त्याने एका श्रद्धावान माणसाला बोलावून मूर्तीसमोर विटांची भिंत घातली, आत एक दिवा तेवत ठेवला आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगावर महेश्वराचे चित्र काढून राजाला काम झाल्याचे कळवले. बातमी ऐकताच राजाच्या अंगावर फोड उठले आणि तो मेला. भिंत पाडली तेव्हा आतला दिवा अजून तेवत होता.

ही केवळ कथा म्हणून सोडून दिली असती. पण इ. स. १२३४ मध्ये तिबेटी भिक्षू धर्मस्वामी बोधगयेला पोहोचला आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. तुर्की सैन्याच्या भीतीने सगळे पळून गेले होते, उरले होते फक्त चार भिक्षू. गर्भगृहाचे दार विटांनी बुजवून वर गिलावा केलेला होता, जवळ दुसरी एक मूर्ती ठेवली होती, आणि गिलाव्यावर बाहेरच्या बाजूने महेश्वराचे चित्र रेखाटले होते. मूर्ती भिंतीआड लपवण्याची जी युक्ती सहाशे वर्षांपूर्वी आख्यायिकेत होती, तीच तेराव्या शतकात जिवंत माणसांनी वापरली. मला या संपूर्ण इतिहासात याहून अधिक हलवून टाकणारी गोष्ट दुसरी आढळली नाही. त्या चार भिक्षूंना जुनी कथा ठाऊक असावी असे मला ठामपणे वाटते. परंपरेने त्यांना संकटकाळी काय करायचे ते आधीच सांगून ठेवले होते.

जाणकारांनी यात भर घालावी. विशेषतः कोरीव लेख, बांधकाम आणि बाहेरच्या देशांचा संबंध यांवर वाचायला आवडेल.

शिलालेखवाचक

अतिशय जिव्हाळ्याचा विषय काढलात. अशोक आणि आजचे मंदिर यांच्यामध्ये जी काही शतके आहेत त्यांबद्दल थोडे लिहितो.

आधी इथे छत असलेले मंदिर नव्हतेच, झाडाभोवतीचे खुले बोधिघर होते. ते कसे दिसत असे हे आपल्याला भारहुतच्या स्तूपावरील एका शिल्पपटामुळे कळते. तो पट आता कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. त्यात मधोमध झाड आहे, फांद्यांवर छत्रे आणि हार आहेत, खाली आसन आहे, आणि झाडाच्या भोवतीने खांबांवर उभी असलेली दुमजली, वरून उघडी वास्तू आहे. शेजारी एक सुटा स्तंभ असून त्याच्या माथ्यावर हत्ती आहे. बुद्धाची आकृती कुठेही नाही. वर ब्राह्मीत कोरले आहे: ‘भगवतो सकमुनिनो बोधो’. इ. स. पू. दुसऱ्या ते पहिल्या शतकाच्या आसपास लोकांच्या डोळ्यांसमोर बोधगया अशी होती.

दुसरा पुरावा म्हणजे दगडी कठडा. जुन्या पुस्तकांत त्याला अशोकाचा कठडा म्हटलेले आढळते, पण लिपी आणि शिल्पशैली पाहता तो शुंगकाळाच्या आसपासचा ठरतो. त्यावर ज्यांची नावे दात्या म्हणून कोरलेली आहेत त्यांत राजघराण्यातल्या स्त्रिया ठळकपणे दिसतात: आर्या कुरंगी आणि राजा ब्रह्ममित्राची पत्नी नागदेवी. कुरंगीचे नाव तर एकामागून एक खांबांवर येते. धागाकर्त्यांनी एका कर्त्याचा शोध सोडावा असे म्हटले आहे, त्याला या दोन नावांचा आधार आहे. झाडाचा द्वेष करणाऱ्या राणीची कथा सर्वांना ठाऊक असते. झाडाभोवती दगडी कठडा उभारणाऱ्या या स्त्रिया मात्र कोणाला सहसा आठवत नाहीत. त्यांचे नाव कथेत नाही, दगडावर आहे.

कठड्याचे बरेच मूळ खांब आता बोधगयेच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. त्यांतला सूर्याचा खांब सवडीने पाहण्यासारखा आहे. एकचाकी रथाला चार घोडे जोडलेले, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला वळलेले, मध्ये सूर्य उभा आणि दोन्ही अंगांना धनुष्य ओढून अंधाराला पिटाळणाऱ्या दोन आकृती. बुद्धाच्या बोधिस्थानाच्या कठड्यावर सूर्यदेव आहे, गजलक्ष्मी आहे, जातककथा आहेत. त्या काळच्या माणसांना त्यात विसंगती वाटत नव्हती.

गोदातीर

फार चांगले वाचायला मिळत आहे. एक शंका आहे. आज तिथे जो पिंपळ आहे तो श्रीलंकेच्या अनुराधपुराहून आणलेल्या रोपाचा आहे असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. अशोककन्या संघमित्रेने नेलेली फांदी तिकडे वाढली आणि मूळ झाड मेल्यावर तिचेच रोप परत आले, असे. हे कितपत खरे मानावे?

पिंपळपान

गोदातीर, संघमित्रेने फांदी नेली ही परंपरा जुनी आहे आणि अनुराधपुराच्या महाबोधीची देखभाल शतकानुशतके अखंड होत आली आहे, तेव्हा त्या भागाबद्दल आदर राखूनच उत्तर देतो. बोधगयेच्या आजच्या झाडापुरते पाहिले तर इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांची नोंद महत्त्वाची आहे. १८६२ मध्ये त्यांना झाड फार जीर्ण झालेले दिसले, आणि १८७६ मध्ये उरलेला भाग वादळात पडला. त्यांनी लिहून ठेवले आहे की त्याचे बी आधीच गोळा केलेले होते आणि त्याच झाडाची कोवळी रोपे त्याची जागा घेण्यासाठी तयार होती. १८८१ मध्ये नवे झाड लावले गेले. म्हणजे त्या नोंदीप्रमाणे आजचा वृक्ष त्याच जागच्या झाडाचा वंशज आहे. मात्र पिंपळ काही हजारो वर्षे एकाच खोडाने जगत नाही. जुने पडते, त्याच्याच बुंध्याशी किंवा बियांतून नवे वाढते. बुद्धाच्या काळापासून असे किती वेळा झाले असेल याचा हिशोब कोणीही मांडू शकणार नाही.

तर्कशुद्ध

धागा उत्तम आहे, पण शशांकाविषयीची कथा इतक्या सहजपणे पुढे नेऊ नये असे नम्रपणे सुचवतो. ह्युएन त्संग हा हर्षवर्धनाच्या आश्रयाने राहिलेला पाहुणा होता, आणि शशांक हा हर्षाचा शत्रू. हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टानेही गौडाधिपाला दूषणेच दिली आहेत. अशा साक्षीवरून एखाद्या राजाला बौद्धांचा छळ करणारा ठरवणे न्यायाचे नाही, असे मत काही मान्यवर इतिहासकारांनीही मांडले आहे. झाड रात्रीतून दहा फूट वाढले यावर आपण विश्वास ठेवत नाही, मग त्याच लेखकाच्या त्याच परिच्छेदातले झाड तोडल्याचे विधान तेवढे खरे का मानायचे?

पिंपळपान

तर्कशुद्ध, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून जाता येणार नाही. तरी दोन गोष्टी नोंदवतो. ह्युएन त्संग येण्याच्या आधी थोडीच वर्षे शशांक वारला होता. म्हणजे जे घडले असेल ते पाहिलेली माणसे त्याला भेटणे शक्य होते. शिवाय ‘आर्यमंजुश्रीमूलकल्प’ या बौद्ध ग्रंथातही सोम नावाच्या राजाने बौद्धांचे विहार आणि प्रतिमा उद्ध्वस्त केल्याचे येते, आणि तो सोम म्हणजे शशांक असे मानले जाते. हाही बौद्ध पक्षाचाच ग्रंथ, त्यामुळे तो तटस्थ साक्षीदार नव्हे हे मान्य आहे.

माझा कल असा आहे की काही आघात झाला असावा, आणि त्यामागे राजकारण धर्माइतकेच असावे. मगध कोणाच्या ताब्यात राहावे हा तेव्हा जिवंत प्रश्न होता. फोड उठून मरण येणे, रात्रीत झाड वाढणे हे कथाकाराचे. पण चोवीस फूट उंचीची भिंत ही त्याने स्वतः पाहून दिलेली माहिती आहे. ज्या जागेला कसलाही धोका नव्हता तिथे एवढी भिंत कोणी घालत नाही. आणि याच लेखकाने, ज्या परिच्छेदांत शैव राजा खलनायक आहे त्यांच्या आसपासच, मंदिर बांधण्याची आज्ञा महेश्वराच्या तोंडी घातली आहे, हेही विसरू नये. त्याला एकतर्फी म्हणून बाजूला सारताना ही कथा अडचणीची ठरते.

चुनाविटा

मी बांधकामाच्या बाजूने लिहिते. ह्युएन त्संगाने पाहिलेली वास्तू १६० ते १७० फूट उंच होती, निळसर विटांची होती, वर चुन्याचा लेप होता, एकावर एक रांगांनी कोनाडे होते आणि प्रत्येक कोनाड्यात सोनेरी मूर्ती होती, वर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा आमलक, म्हणजे आवळ्याच्या आकाराचा कळसाखालचा भाग, होता. आजची उंची साधारण ५० मीटर आहे, म्हणजे मापे जुळतात. चिनी फूट थोडा वेगळा असला तरी हे वर्णन आजच्याच मंदिराच्या पूर्वरूपाचे आहे यात शंका राहत नाही. २००२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा पूर्णपणे विटांचे, उभे राहिलेले भारतातले अगदी आरंभीचे मंदिर हाच त्याचा एक मोठा गुण सांगितला गेला.

या मंदिराआधी तिथे काय होते याचा एक लहानसा पण बोलका दुवा गर्भगृहातच मिळाला. कनिंगहॅम यांनी आतले आसन उकलले तेव्हा वरच्या आसनाखाली जुने आसन निघाले, आणि तिथल्या ठेव्यात आहत (ठसे मारलेल्या जुन्या) नाण्यांबरोबर कुषाण राजा हुविष्क याच्या सुवर्णनाण्यावरून उठवलेली सोन्याची चकती होती. हुविष्क दुसऱ्या शतकातला. त्यामुळे त्या सुमारास किंवा त्यानंतर आसनाची पुन्हा मांडणी झाली एवढे निश्चित म्हणता येते.

जीर्णोद्धाराविषयी मला जरा अधिक लिहायचे आहे, कारण ‘ब्रह्मी लोकांनी मंदिर बिघडवले’ असे वाक्य इंग्रजी काळापासून उचलले जाते आणि ते मला खटकते. ब्रह्मदेशातल्या पगानच्या राजांनी इथे दुरुस्त्या केल्या होत्या. तेराव्या शतकाच्या अगदी अखेरचा एक ब्रह्मी शिलालेख बोधगयेला आहे. तो अशोकाच्या चौऱ्याऐंशी हजार चैत्यांपासून सुरू होतो, मंदिर कितीदा ढासळले आणि कोणी कोणी उभे केले याची परंपरा सांगतो आणि मग आपल्या राजाने पाठवलेल्या माणसांनी १२९५ ते १२९८ च्या दरम्यान केलेल्या कामाची नोंद करतो. धर्मस्वामीने गिलावा केलेले दार पाहिले त्यानंतर साठएक वर्षांतच हे घडले, हे ध्यानात घ्यावे. आजूबाजूचा बौद्ध समाज विखुरला होता, आणि तरीही समुद्रापलीकडून गवंडी येत होते.

पुढे ब्रह्मदेशाचा राजा मिंडॉन याने १८७० च्या दशकात पुन्हा आपली माणसे पाठवली. त्यांच्या कामाची पाहणी करण्यासाठी बंगाल सरकारने १८७७ मध्ये अभ्यासक राजेंद्रलाल मित्र यांना धाडले. मित्रांची तक्रार अशी की उत्साहाच्या भरात जुने अवशेष हलवले गेले, काही बुजवले गेले. तक्रार खरी होती. पण ब्रह्मी मंडळी पुरातत्त्व जपायला आलीच नव्हती. ती पूजेचे स्थान चालते करायला आली होती. त्यानंतर सरकारने कनिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जे. डी. बेग्लर यांच्याकडून १८८० ते १८८४ मध्ये जे काम करवले त्यानेही मंदिराचे रूप पुष्कळ बदलले. चार कोपऱ्यांवरची लहान शिखरे तेव्हाच उभी केली गेली. त्यासाठी ढिगाऱ्यात सापडलेल्या मंदिराच्या एका लहान दगडी प्रतिकृतीचा आधार घेतला. गर्भगृहातली आजची सोनेरी मूर्तीही मूळची काळ्या दगडाची, पालकाळातली आहे. ती तेव्हा मंदिर ज्यांच्या ताब्यात होते त्या शैव महंतांच्या मठाच्या आवारातून आणून तिथे बसवली गेली. मैत्रेयाने घडवली म्हणतात ती मूर्ती केव्हाच गेली आहे.

मंदिराच्या उत्तर बाजूने रत्नचंक्रम आहे, बोधीनंतर बुद्ध जिथे येरझाऱ्या घालत राहिले असे सांगतात ती जागा. त्या चौथऱ्यावर दगडी कमळांची ओळ आहे, पावलागणिक एक. बाजूला जुन्या खांबांच्या बैठकी उरल्या आहेत. म्हणजे एके काळी हा छत असलेला मार्ग होता. गेलात तर इथे थांबून पाहा, कारण बहुतेक जण मुख्य शिखराकडे बघत पुढे निघून जातात.

दक्षिणसमुद्र

श्रीलंकेचा संबंध केवळ संघमित्रेच्या फांदीपुरता नाही. चौथ्या शतकात लंकेचा राजा मेघवर्ण याने दोन भिक्षू बोधगयेला पाठवले होते. त्यांना तिथे उतरायला धड जागाही मिळाली नाही. परत जाऊन त्यांनी गाऱ्हाणे सांगितले, तेव्हा राजाने रत्नांची भेट देऊन समुद्रगुप्ताकडे दूत पाठवला आणि तिथे विहार बांधण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली. बोधिवृक्षाच्या उत्तरेला उभा राहिलेला हा महाबोधी विहार ह्युएन त्संगाच्या काळी भरभराटीला आला होता. तीसचाळीस फूट उंच तटबंदी, मोठी दालने आणि जवळपास हजार भिक्षू असे त्याचे वर्णन आहे. लंकेहून आलेल्या माणसाला सहज आसरा मिळेल अशी व्यवस्था तिथे होती.

याला आणखी एक कोरीव पुरावा आहे. लंकेच्या महानाम नावाच्या स्थविराचा लेख बोधगयेला मिळाला. त्यावर गुप्त संवत २६९ म्हणजे इ. स. ५८८-८९ असा काळ आहे, आणि त्याने बोधिमंडावर, म्हणजे बोधिप्राप्तीच्या जागी, बुद्धाचे मंदिर उभारल्याची नोंद आहे. हे मंदिर म्हणजे मुख्य मंदिरच की आवारातले दुसरे एखादे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही झाले तरी शशांकाच्या थोड्याच आधी इथे बांधकाम जोरात होते हे कळते.

तेव्हा धागाकर्त्यांनी म्हटलेले ‘दुरून आलेले कोणीतरी’ हे चौथ्या शतकापासूनच लागू आहे. उतरायला जागा मिळाली नाही या एका तक्रारीतून पुढे शतकानुशतके टिकलेला विहार उभा राहिला, आणि ती तक्रार चिनी वृत्तान्तांमुळे आपल्यापर्यंत पोहोचली, याचे मला फार अप्रूप वाटते.

वैदर्भीय

वरची चर्चा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येऊन थांबली आहे, आणि आमच्या दृष्टीने खरा जिव्हाळ्याचा भाग तिथून सुरू होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस घमंडी गिरी हे शैव संन्यासी बोधगयेला स्थिरावले आणि त्यांच्या परंपरेतल्या महंतांकडे ही जागा आली. १८९१ च्या जानेवारीत श्रीलंकेचे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपाल हे जपानी भिक्षू कोझेन गुणरत्न यांच्यासह तिथे आले. वज्रासनासमोर त्यांनी निश्चय केला की हे स्थान बौद्धांच्या हाती परत यावे, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कोलंबोला महाबोधी सोसायटी स्थापन झाली. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर ठेवायला घेतली, तेव्हा महंतांच्या माणसांनी ती उचलून बाहेर काढली. खटला झाला. खालच्या न्यायालयात काहींना शिक्षा झाली, पण कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द केली.

प्रश्न सुटायला स्वातंत्र्य यावे लागले. १९४९ चा बोधगया मंदिर अधिनियम झाला आणि १९५३ मध्ये कारभार नव्या समितीकडे आला. समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, आणि गयेचे जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष. जिल्हाधिकारी हिंदू नसतील तर हिंदू व्यक्तीला अध्यक्ष नेमावे अशी मूळ तरतूद होती, ती २०१३ च्या दुरुस्तीने गेली. समितीची रचना मात्र तशीच आहे. नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई यांनी १९९२ पासून पूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे द्यावे यासाठी आंदोलन उभे केले, आणि महाराष्ट्रातून हजारो उपासक त्यात सामील झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्यांच्या घरी बुद्ध आला, त्यांना बोधगया हे केवळ प्रेक्षणीय स्थळ वाटणे शक्य नाही. आपल्या सर्वांत पवित्र जागेचा कारभार आपल्या समाजाच्या हाती असावा ही मागणी मला साधी आणि न्याय्य वाटते, आणि ती मी इथे स्पष्टपणे नोंदवतो.

शैव आणि बौद्ध यांचे इथले नाते सरळ शत्रुत्वाचे नाही, हे धाग्यातल्या महेश्वराच्या कथांवरून दिसतेच. महंतांच्या काळात काही जुन्या मूर्ती त्यांच्या मठात राहिल्यामुळे टिकल्या, हेही खरे. पण ते मान्य केल्याने व्यवस्थापनाचा प्रश्न मिटत नाही.

शिलालेखवाचक

वैदर्भीय, आपण मांडलेला मुद्दा टाळून या मंदिराचा इतिहास पुरा होणार नाही, म्हणून तो आला हे बरे झाले.

चुनाविटा यांनी उल्लेख केलेल्या लहान दगडी प्रतिकृतीबद्दल भर घालतो. तशा प्रतिकृती बोधगयेच्या आसपास पालकाळात बनत असत आणि यात्रेकरू त्या घरी नेत. तिबेट, नेपाळ, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरचे अराकान इथे त्या आढळल्या आहेत. ज्यांना यात्रा करणे शक्य नव्हते त्यांच्यापर्यंत मंदिर असे हातातून गेले. पुढे त्याच रूपावरून पूर्ण मंदिरेही उभी राहिली: पगानला तेराव्या शतकात, थायलंडच्या चियांग माईला राजा तिलोकराजाने १४५५ मध्ये, पेकिंगला (बीजिंग) १४७३ मध्ये, आणि नेपाळच्या पाटणमध्ये महाबौद्ध. पगान आणि पाटणच्या मंदिरांना मधल्या काळात भूकंपांनी तडाखे दिले, तिथेही दुरुस्त्या झाल्या. पंधराव्या शतकात बोधगयेला पूजा जवळजवळ थांबली होती, त्या वेळी चियांग माईत त्याच मंदिराचे रूप विटांत नव्याने रचले जात होते.

मूळ मंदिर कसे होते याबद्दल शंका येईल तेव्हा पगान, पाटण आणि या लहान प्रतिकृती यांचे शिखर, कोनाड्यांच्या रांगा आणि कोपऱ्यांवरची लहान शिखरे यांची एकमेकांशी तुलना करावी लागते. कोणाला यावर सविस्तर लिहायचे असेल तर पगानपासून सुरुवात करावी, कारण काळाने ते सर्वांत जवळचे आहे आणि धर्मस्वामीने बोधगयेचे मंदिर पाहिले तेही साधारण त्याच पिढीत.